पांढरी बघून ठेवा

पोराचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. दोन्ही हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवलेला. तो म्हणाला, "आई, पाहुणे जेवताना वाईन घेतात. आपण एक तांबडी आणि एक पांढरी बघून ठेवू." भाकरी परातीतच फाटली.

"आरं मेल्या, तुझ्या आज्याच्या गळ्यात माळ हाय. आन् तू सोयरिकीच्या जेवणात दारू मांडतोस व्हय?"

तो हसला. त्याला माझ्या ओरडण्याची सवय आहे. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, नाशिककडची. तिच्या वडिलांनी सगळी नोकरी वाईनच्या कारखान्यात काढलेली, तीही चव बघण्याच्या कामावर. मे महिन्याच्या सुट्टीत आई, बाप आणि लेक असे तिघं रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचे होते. घर बघायचं, माणसं बघायची, आणि मनात भरलं तर होकार देऊन जायचं, असं ठरलं होतं. "त्यांच्यात ती दारू नसते आई, जेवणातला एक पदार्थ असतो," असं मला समजावून त्याने फोन ठेवला.

माझा आवाज मोठा. ह्यांना हाक मारून मी सांगितलं, "अहो, ऐकलं का? पाहुण्यांसाठी पांढरी बघून ठेवायचीय!" परसातून हे "बरं" म्हणाले. ओसरीतल्या खाटेवर माझे सासरे पडले होते, आमचे मामंजी. तेही "बरं" म्हणाले. ते दुसरं 'बरं' मी ऐकलं होतं, आणि म्हाताऱ्याला काय कळतंय म्हणून सोडून दिलं होतं. आजही ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आता पांढरी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना ठाऊक नसतं. शेताची जमीन ती काळी, आणि घरं, देऊळ, पार जिथं असतो ती वस्तीची जमीन म्हणजे पांढरी. आमच्याकडे सोयरीक जमवताना जुनी माणसं पहिल्यांदा विचारतात, "पांढरी कुठली?" पगार, शिक्षण, सगळं त्यानंतर. मी भोंगवलीची, माझ्या लग्नात माझ्या बापाने छाती पुढे काढून सांगितलं होतं. पण आमच्या ह्यांची पांढरी धरणात गेलेली. माझं लग्न व्हायच्या चार वर्षं आधी पाणी चढलं आणि गाव वर डोंगराच्या कुशीत नव्या जागेवर येऊन बसलं. त्या जागेला नाव आहे, पाटी आहे, एसटीचा थांबा आहे. मामंजी तिला कधी पांढरी म्हणाले नाहीत. ते तिला 'वरची जागा' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पोराची एक सोयरीक जवळजवळ जमली होती. त्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, पांढरी कुठली? मामंजींनी खाटेवरूनच धरणाकडे बोट केलं. तो म्हातारा म्हणाला, "पाण्यात पोरगी कशी द्यावी बाबा?" चेष्टेत म्हणाला, सगळे हसले. पण ती सोयरीक मोडली, आणि आपल्या एका बोटामुळे नातवाचं लग्न मोडलं हे मामंजींनी मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. ह्या खेपेला पाहुणे यायचे ठरल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "ह्या पाव्हण्यांनी इचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, ते शहरातले, ते कशाला विचारतील? पण भीती मलाही होतीच.

असो. शुक्रवारी चष्म्यासाठी भोरला गेले होते, तिथंच दारूच्या दुकानात गेले. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, हातात चष्म्याची पिशवी, आणि जाळीसमोर उभी! आजूबाजूचे बाप्ये असे बाजूला सरकले की जणू त्यांच्याच आया आल्या होत्या. दुकानदाराने विचारलं, "ड्राय पाहिजे का ताई?" मी म्हटलं, "आज ड्राय डे आहे होय? मग दुकान कसं उघडं?" तो बिचारा हसला नाही. ड्राय म्हणजे जिच्यात गोडी उरलेली नाही ती, असं त्याने सांगितलं. मग पांढऱ्या बाटलीचं नाव वाचलं, शेनिन का काहीतरी. मी म्हटलं, अहो, पिण्याच्या वस्तूला शेणीचं नाव कुणी ठेवलं?

मग सरळ त्या मुलीलाच फोन लावला. होणारी सून, अजून झालेली नाही, आणि मी तिला दारू विचारतेय. पण ती इतकी नीट बोलली की माझा अर्धा राग तिथंच उतरला. "काकू, मटण तिखट असणार ना? मग घशाला ओढणारी तांबडी नको, तिखट आणखी चढतं. फळाच्या वासाची, हलकी मागा. आणि पांढरी अगदी कोरडी नको, किंचित गोडसर घ्या. ती तिखटाला सांभाळून घेते. फक्त चांगली गार हवी. पांढरी गरम झाली की बाबा तोंडात धरत नाहीत." दुकानदाराने मला चार बाटल्या दाखवल्या. मी उजेडात धरून बघितल्या. तांबडी निवडली ती जांभळाच्या रंगाची, आणि पांढरी निवडली ती उसाचा रस निवळावा तशा रंगाची. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. बाटल्या वाजू नयेत म्हणून आमचा थांबा येईस्तोवर मी हललेसुद्धा नाही.

रविवारी सकाळीच लाईट गेली. फ्रिजचा काय उपयोग? पांढरी बाटली ओल्या बारदानात गुंडाळून मी ओसरीतल्या रांजणात बुडवून ठेवली, मामंजींच्या खाटेशेजारीच. त्यांनी विचारलं, "काय गं त्ये?" मी मसाला वाटत होते. तिथूनच ओरडले, "पांढरी हाय मामंजी, पाहुण्यांची. हात लावू नका."

चार वाजता बघते तर रांजणात नुसतं पाणी. बाटली नाही. खाटेवर मामंजी नाहीत. काठी नाही. पायताण मात्र तिथंच.

मी सगळ्या आळीत हाका मारत फिरले. देवळात नाहीत, शाळेच्या कट्ट्यावर नाहीत. पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस, मोरीपर्यंत जायला ज्यांना दहा मिनिटं लागतात, ते जाणार कुठं? तेवढ्यात पोराचा फोन. "आई, आम्ही मार्गासनीत चहाला थांबलोय. तासाभरात येतो. पांढरी गार आहे ना?" आणि त्या क्षणाला माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, मामंजी पांढरी बघायला गेलेत. मीच सांगितलं त्यांना."

मे महिन्यात धरणाचं पाणी पार खाली जातं. मग जुनं गाव वर येतं. जोती, उंबरे, देवळाचा चौथरा, बुंधे. सगळं गाळाच्या एका रंगात. आमच्याकडचं कुणी सहसा तिकडे फिरकत नाही. भीती वाटते असं कुणी कबूल करत नाही, उन्हाचं नाव सांगतात. मी तर तीस वर्षं त्या गावची सून असून तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही दोघं उतरलो तेव्हा वारा पडला होता. खाली गेल्यावर वरचे आवाज बंद झाले. कुत्रं नाही, पाखरू नाही. गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्या वाळलेल्या गाळावर अनवाणी पावलं, शेजारी काठीची टोचणी. हे पुढे चालत होते. ह्या गावातून बाहेर पडताना हे शाळकरी होते, तरी पाय आपोआप वळत होते. मोकळ्या जागेत मधेच उजवीकडे वळायचे, मग परत डावीकडे. मी म्हटलं, "सरळ चला की!" हे म्हणाले, "मधी सुताराचं घर हाय." तिथं काही नव्हतं. पण मीही वळून गेले. सरळ जायचा माझा धीर झाला नाही.

मामंजी एका जोत्यावर, दगडी उंबऱ्याच्या आत बसले होते. त्यांनी टॉवेलने ते जोतं लख्ख झाडलं होतं. शेजारी बाटली, झाकण उघडलेलं, निम्मी रिकामी. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! जोत्यामागे, एका कोपऱ्यात, गाळ ओला होता. आमच्याकडचे पिणारे पहिल्या घोटाआधी बोट बुडवून जमिनीवर शिंतोडे उडवतात, पांढरीचा मान म्हणतात त्याला. मामंजींनी मान म्हणून निम्मी बाटली ओतली होती.

"बघून ठिवली," मला बघून ते म्हणाले. "हाय तशी हाय. आता इचारू दे पाव्हण्यांना."

हे त्यांना उचलायला वाकले. मी रडत होते, आणि रडू आलं की मला राग येतो. "निम्मी बाटली वतायची का मामंजी? आन् ती पन कोपऱ्यात?"

"त्या कोपऱ्यात आमची थोरली हाय," ते म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. सासूबाईंची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, घराच्या मागे पुरतात. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव नेले, वासे नेले, कौलं नेली, जाती नेली. मामंजी सांगत होते, "समदं टेम्पोत घातलं. हिला कशी न्यायची? हितंच ठिवून आलो."

मला सासूबाई आठवल्या. त्या होत्या तोवर रोज संध्याकाळी मूठभर भात धरणाकडच्या कट्ट्यावर ठेवायच्या. नवी नवरी होते मी, पण तोंडाने फटकळ. एकदा म्हणाले होते, "कावळं पोसायला भात जास्त झालाय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून त्या भात माझ्या नजरेआड ठेवायला लागल्या. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"चल," मामंजी म्हणाले आणि उठले. मला वाटलं मला म्हणाले. त्यांनी काठी उजव्या हातात घेतली. हे डावा हात धरायला गेले तर त्यांनी तो झटकला. तो हात त्यांनी थोडा खाली, बोटं अर्धी मिटलेली, असा धरला होता. चढावर ते मधे मधे थांबत होते. दम लागला म्हणून नव्हे, कारण थांबून ते डावीकडे खाली बघायचे आणि मग चालायचे. एका ठिकाणी म्हणाले, "मोटी झालीया." अकरा दिवसांची पोर चालत कशी येईल, हे मी विचारलं नाही. माझ्या अंगावर काटा होता आणि हातात ती बाटली. मी मागून चालत होते, आणि वाटेच्या डाव्या बाजूला पाय पडू नये म्हणून जपत होते.

वर आलो तर दारात गाडी. पाहुणे येऊन बसलेले, पोराचा चेहरा पडलेला. माझी साडी गाळाने भरलेली, पदर कुठला कुठं, हातात उघडी निम्मी बाटली. होणाऱ्या विहिणीने ती बघितली आणि नजर वळवली. झालं, ही पण सोयरीक गेली, असं मी मनात म्हटलं. मामंजींचं आता काय होणार, ह्याचीच मला भीती वाटली.

सात वाजता पानं मांडली, माळकरी मामंजींचं पान बिनमटणाचं. मामंजी पाटावर बसले आणि म्हणाले, "हितं आनी एक पान मांड." मी पोराकडे बघितलं, पोर माझ्याकडे. मी काही म्हणायच्या आत ती मुलगी उठली, एक ताटली घेतली, मामंजींच्या डावीकडे ठेवली आणि त्यात थोडा दहीभात वाढला. कुणाला, म्हणून विचारलं नाही. लहान ताटली का घेतली, तेही मला आजवर कळलेलं नाही.

तिच्या वडिलांनी तांबडीचा एक घोट घेतला, मटणाचा एक घास खाल्ला, मान हलवली. "चांगली निवडलीत." मग त्यांनी पांढरीला हात घातला. मी म्हटलं, "राहू द्या हो, उन्हात फिरलीय ती. गरम झाली असेल." बाटली जवळजवळ तीन तास मे महिन्याच्या उन्हात होती. चढावर माझ्या हाताला घाम होता, मला तिचा गरम-गार काही कळलं नव्हतं.

त्यांनी पेला ओतला. पेल्याला बाहेरून दव धरलं. एक घोट घेऊन त्यांनी लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, "इतकी बरोबर गार केलेली पांढरी मी हॉटेलातही प्यायलेलो नाही. लाईट नाही म्हणता, मग ठेवली कुठं होती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पांढरीत."

ते हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, मामंजींकडे वळले आणि अगदी आदराने विचारलं, "आजोबा, पांढरी कुठली आपली?"

माझा हात वाढता वाढता थांबला. हे खाली बघायला लागले. ज्या प्रश्नाला भिऊन तो म्हातारा उन्हातान्हात अनवाणी गेला होता, तो प्रश्न पानावर आला.

मामंजींनी धरणाकडे बोट केलं, दोन वर्षांपूर्वी केलं होतं तसंच. "ती. पाण्यात हाय. आता बघून आलोय, उंबरा शाबूत हाय." मग म्हणाले, "लेक तितंच ऱ्हायली आमची. आमी वर आलो. त्येवढंच चुकलं."

तिच्या वडिलांनी पेल्यात बोट बुडवलं आणि जमिनीवर तीनदा शिंतोडे उडवले. कारखान्यातला माणूस, त्यांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ते आपल्या बायकोला म्हणाले, "लेकीला इतकं धरून ठेवणारं घर आहे. आपली पोर द्यायला माझी ना नाही." विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पोराने माझ्याकडे बघितलं, आणि मी चक्क हुंदका दिला. मला लाज वाटली नाही.

निघताना ती मुलगी मामंजींच्या पाया पडायला आली. सरळ समोरून यायला वाट होती. ती थोडी उजवीकडून वळून आली, उभ्या असलेल्या कुणाला तरी वाट देऊन यावं तशी. तिला स्वतःला कळलं असेल असं वाटत नाही. पण मामंजी हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

गाडी गेल्यावर मी उष्टी काढायला बसले. मामंजी खाटेवर पडले होते. डावा हात खाटेखाली सोडलेला, बोटं अजून तशीच अर्धी मिटलेली.

"मामंजी," मी विचारलं, "नाव काय होतं हो तिचं?"

"बारसं व्हायचं हुतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी."

मी आत जाऊन टोपातला मूठभर भात घेतला. धरणाकडच्या कट्ट्यावर गेले, सासूबाई ठेवायच्या तिथंच ठेवला आणि म्हटलं, "चुकले मी, सासूबाई." खाली सगळा अंधार होता, पाणी आहे का गाळ तेही दिसत नव्हतं. पोरीला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारायला नाव नव्हतं. मग मी नुसतंच म्हणाले, "ये गं."